दुसऱ्या डोळ्याचा नियम

प्रयोगशाळेतल्या मंडळींनी त्यांचं नाव भिंगोबा ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. समोर सगळे ‘सर’ म्हणत आणि सरळ उभे राहत. पेशी तपासणारे डॉक्टर म्हणून त्यांनी उभी हयात मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली होती, आणि माणसांपेक्षा माणसांच्या पेशींशीच त्यांचं जास्त पटायचं. सुईने काढलेला थेंबभर ऐवज काचेवर पसरून त्यांच्यापुढे यायचा. ते बघायचे आणि दोन ओळींत निकाल लिहून मोकळे व्हायचे. त्या दोन ओळींवर कुणाचं पोट फाडायचं आणि कुणाला नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवायचं, हे ठरायचं. एवढं असूनही माणूस मोठा गमत्या. फक्त कुणी नियम मोडला की गंमत संपली.

तेच सर आज एंडोस्कोपीच्या टेबलावर डाव्या कुशीवर आडवे पडले होते. तोंडात प्लास्टिकची कडी, नाकात प्राणवायूची नळी, आणि अंगावर तो मागून बंद बांधायचा झगा, ज्यात भल्याभल्यांचा रुबाब उतरतो.

कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी त्यांची शिष्या बसली होती. शिकत असताना पहिल्या वर्षी ती काच धड न बघताच निकाल सांगून टाकायची, म्हणून सरांनी तिला ‘घाईबाई’ म्हणायला सुरुवात केली. आता ती त्यांच्याच विभागात पक्की डॉक्टर झाली होती, लोक तिला मान देत होते, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. एरवी तिला त्या हाकेचं हसू यायचं. आज भूल चढण्याआधी सर म्हणाले, “घाईबाई, आज जरा सावकाश हं,” तेव्हा तिने समोरच्या कोऱ्या काचा पुन्हा एकदा ओळीने मांडल्या.

प्रकरण असं होतं, की सरांचं वजन उतरलं होतं, डोळ्यांत पिवळी झाक आली होती आणि स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या तोंडाशी एक गाठ दिसली होती. अशी गाठ दोन प्रकारची असू शकते. एक कर्करोगाची. दुसरी नुसत्या सुजेची, शरीर स्वतःवरच उलटतं तेव्हा येते तशी. स्कॅनमध्ये दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, पण दुसरी महिनाभराच्या गोळ्यांनी विरघळते. सरांनी ठरवून टाकलं होतं, की आपली दुसरी. “सूज आहे. फाजील लाड नकोत,” असं त्यांनी बायकोला, म्हणजे काकूंना, सांगितलं, विभागात सांगितलं, शेजाऱ्यांनाही सांगितलं. काकूंनी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि त्या रात्रीच्या शांत झोपू लागल्या. घाईबाईनेही विश्वास ठेवायचा बराच प्रयत्न केला होता, पण तिला तो जमला नव्हता.

आणि घोडं अडलं होतं ते सरांच्याच एका नियमापाशी. ‘कर्करोग’ हा शब्द एकाच माणसाच्या डोळ्यावर प्रयोगशाळेबाहेर जायचा नाही, हा तो नियम. दोघांनी वेगवेगळं बघायचं, एकमेकांना काही सांगायचं नाही, आणि दोघांचं मत एक झालं तरच सह्या करायच्या. सूज निघाली तर एकाची सही पुरे. आता असल्या काचा वाचणारी इथे माणसं दोनच होती. एक ती स्वतः, आणि दुसरे टेबलावर झोपलेले.

“चला,” पोटाचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दुर्बीण आत सरकवली.

हे पोटाचे डॉक्टर एरवी काम करताना अखंड बडबडत. आज मूग गिळून उभे होते. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचं एवढंसं यंत्र बसवलेलं असतं, त्यामुळे जठराच्या आणि आतड्याच्या भिंतीपलीकडचंही दिसतं. दुर्बीण जठर ओलांडून आतड्याच्या पहिल्या वळणावर टेकली आणि पडद्यावर करड्या रंगात ती काळसर, वेड्यावाकड्या कडांची गाठ उमटली. तिच्या अगदी अंगाला लागून एक ठिपका लाल-निळा धडधडत होता.

“शीर,” डॉक्टर म्हणाले. “हिला चुकवून जातो.”

सुई आतड्याच्या भिंतीतून आरपार गेली आणि गाठीत शिरली. पडद्यावर ती चमकती रेघ मागेपुढे होऊ लागली. मग सुई बाहेर आली, नर्सने आतला ऐवज काचेवर उतरवला आणि घाईबाईने तो दुसऱ्या काचेने अलगद पसरला. काही काचा तिने उद्याच्या पक्क्या रंगासाठी स्पिरिटमध्ये टाकल्या. एक वाऱ्यावर वाळवली, झटपट रंगात बुचकळली, आणि ओलीच भिंगाखाली धरली.

रक्त होतं. आणि आतड्याच्या भिंतीच्या पेशी. सुई त्यांच्यातूनच येते, त्यामुळे या पेशी बिनबोलावलेल्या पाहुण्यांसारख्या प्रत्येक काचेवर हजर असतात. गाठीतलं काहीच नव्हतं.

“पुरेसं नाही,” ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला नुसतं रक्तच आलं. तेवढ्यात सरांचा श्वास अडखळला आणि यंत्र किणकिणू लागलं. नर्सने हनुवटी वर उचलून धरली, तोंडातली लाळ ओढून घेतली आणि प्राणवायू वाढवला. यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा खाली गेला, थांबला, आणि नाइलाज झाल्यासारखा हळूहळू वर चढला. तेवढ्या वेळात खोलीत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

“बास करू का?” डॉक्टरांनी विचारलं. “या बाजूने काही मिळत नाहीये. आता जायचं तर शिरेला खेटूनच जावं लागेल. तू बोल.”

‘बास’ हा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला होता. म्हणायचा अवकाश, की सगळे सुटले असते. ‘ऐवज पुरेसा मिळाला नाही’ असं लिहिलं, की झालं. सरांची सूज सूजच राहिली असती, काकू आणखी काही दिवस निवांत झोपल्या असत्या, आणि दोष कुणालाच गेला नसता. गाठ मात्र वाढत राहिली असती. तिला स्वतःचा राग आला.

“पुरेसं नाही,” ती म्हणाली. “आणखी एकदा जा.”

डॉक्टरांनी मान हलवली. दुर्बीण जराशी फिरवली, धडधडता ठिपका पडद्याच्या कडेला गेला. सुई त्याच्या इतक्या जवळून आत गेली, की नर्सने डोळेच मिटले. मागे, पुढे, मागे, पुढे. शीर आपली धडधडत राहिली. सुई बाहेर आली तेव्हा डॉक्टरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

या वेळी काचेवर रक्ताबरोबर बारीक पांढुरके कण दिसले. नुसत्या डोळ्यांना असे कण दिसले की काहीतरी हाती लागलेलं असतं.

तिने काच भिंगाखाली सरकवली. एक पुंजका सापडला, मोठा आणि एकसंध. चांगल्या पेशी फरशी बसवल्यासारख्या एकमेकींपासून सारख्या अंतरावर असतात. इथे काही एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, काहींमध्ये फट पडली होती. दारू प्यायलेल्या गवंड्याने बसवलेली फरशी, असं सर याला म्हणायचे आणि मुलं खो-खो हसायची. तिने काच हलवली. दुसरा पुंजका. तोही तसाच.

“पुरेसं आहे,” ती म्हणाली.

“कशाचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“पुरेसं आहे,” ती पुन्हा म्हणाली. तिचा आवाज ऐकून डॉक्टर काय ते समजले आणि त्यांनी दुर्बीण बाहेर काढायला घेतली.

सरांना जाग आली तेव्हा ती खाटेशी उभी होती. घसा बसला होता, तरी पहिला प्रश्न ठरलेला.

“मिळालं का?”

“मिळालं, सर.”

“मग?”

“उद्या पक्क्या रंगातल्या काचा बघते आणि सांगते.”

ते तिच्याकडे बघत राहिले. पापण्या जड होत्या, पण डोकं जाग्यावर होतं. “सूज असती तर तू मला हलवून उठवून सांगितलं असतंस.”

“तसं नाही, सर. मला अजून खात्री नाही.” हे खोटं होतं, आणि तिला खोटं बोलणं कधीच धड जमलं नव्हतं.

“खात्री नाही म्हणजे दुसरा डोळा लागणार,” सर म्हणाले. “ठीक. आज मला भूल दिलीय, आज माझ्या सहीला काडीची किंमत नाही. उद्या सकाळी येतो.”

“सर, आपण काचा बाहेरगावी पाठवू ना. तिथले लोक बघतील.”

“ते निवांत बघतील. तोवर मी काय करू, पिवळा होत बसू? सर्जनने परवाचा दिवस राखून ठेवलाय, गरज पडली तर म्हणून. असा दिवस परत मिळायला किती वाट बघावी लागते, तुला ठाऊक आहे.” घोट गिळताना त्यांचा चेहरा वाकडा झाला. “असं कर. माझी काच दुसऱ्या काचांत मिसळ. नावांवर पट्ट्या लाव. कुठली माझी ते मला कळता कामा नये. आपलं नाव दिसलं की डोळा फितूर होतो.”

तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर येण्याआधी तिने पक्क्या रंगातल्या काचा पाहिल्या. कालच्या झटपट रंगात थोडीफार शंका ठेवता आली असती. आता तीही सोय उरली नाही. तिने भिंगावरून डोळा काढला, हात धुवायच्या बेसिनपाशी गेली, नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन परत आली आणि सरांनी सांगितलं होतं ते करायला बसली. शिकवायच्या कपाटातून तिने स्वादुपिंडाच्या सहा काचा निवडल्या. काही सुजेच्या, काही कर्करोगाच्या, एक-दोन मुद्दाम फसव्या. सगळ्यांच्या नावांवर पांढरी पट्टी चिकटवली आणि सरांची काच मधेच कुठेतरी, चौथ्या जागी ठेवली.

सर आले ते स्वेटरवर कोट चढवून. एका दिवसात कोट त्यांना मोठा झाल्यासारखा वाटत होता. काकू बरोबर होत्या, त्या बाहेर बाकावर बसल्या.

“हं, आणा,” सर म्हणाले आणि आपल्या खुर्चीत बसले. ती समोर बसली. हात कुठे ठेवावेत हे कळेना, म्हणून तिने ते मांडीखाली दाबून धरले.

पहिली काच. “सूज. जुनाट. हा गृहस्थ बाटलीतून बाहेर आला असता तर माझ्यापर्यंत आला नसता.”

दुसरी. “ही नुसती आतड्याची भिंत. पुरेसं नाही. सुई मारणाऱ्याला म्हणावं, परत जा.”

तिसरी. “कर्करोग. हे तर आंधळ्यालाही दिसेल.”

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ही आपलीच असेल असं वाटलं असेल का त्यांना? पण चेहरा काही ताकास तूर लागू देईना.

चौथी काच त्यांनी कडेने उचलली, भिंगाखाली ठेवली आणि डोळा लावला. आधीच्या तिन्ही काचा त्यांनी चुटकीसरशी वाचल्या होत्या. इथे ते गप्प झाले. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. त्यांनी भिंग बदललं, मोठं केलं, परत लहान केलं.

“यात भिंतीच्या पेशी आहेत,” ते म्हणाले.

होत्या. ते बरोबरच होतं.

“आणि हा पुंजका.” त्यांनी काच तसूभर सरकवली, परत मागे आणली. “सुजेतही पेशी बिथरतात. कधीकधी इतक्या बिथरतात की चांगला माणूस फसतो.”

हेही बरोबर होतं. हे तर त्यांनीच तिला शिकवलं होतं. आता हे सूज म्हणणार. म्हटलं की दोघांची मतं दोन झाली. मग शब्द बाहेर जाणार नाही, काचा बाहेरगावी जाणार, उद्याचा राखलेला दिवस हातचा जाणार, आणि आज काढता येण्याजोगी असलेली गाठ शेजारची शीर धरून बसणार. तिला ओरडावंसं वाटत होतं, ‘सर, डावीकडे जा, तो खालचा पुंजका बघा!’ पण पहिल्याने काय बघितलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी पहिल्या वर्षाच्या पोरांना करायला लावतात तसं केलं. काचेच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, एकेक ओळ, डावीकडून उजवीकडे, सगळी काच शेवटपर्यंत नांगरून काढली. काही सुटू नये म्हणून परत उलटी.

“फरशी बिघडलीय,” ते अखेर म्हणाले. “शेजारी शेजारी असून एका पेशीचं केंद्रक दुसरीच्या चौपट आहे. सुजेत असं होत नाही.” त्यांनी भिंगावरून डोळा काढला. “कर्करोग. साळसूदपणाचं सोंग घेतलेला. घाईत सुटला असता.”

आवाज तिसऱ्या काचेला होता तोच होता. त्यांनी काच बाजूला ठेवली आणि पाचवी घेतली. पाचवी, सहावी, सातवी, एकही चुकली नाही. सहाव्या काचेला तर त्यांनी विनोदही केला. तिला तो कळलाच नाही. यांना माहीत नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. यांनी आपलाच निकाल सांगितलाय आणि यांना पत्ताच नाही, आणि आता पट्टी मलाच काढायची आहे. तिने पहिल्या काचेच्या पट्टीचं टोक धरलं.

“राहू दे,” सर म्हणाले. “चौथी माझी.”

तिचा हात तिथेच थांबला.

“घाईबाई, तुझ्या बाकीच्या सहा काचा बाबा आदमच्या जमान्यातल्या आहेत. रंग विटलाय, वरची पातळ काच चिकटवायचा डिंक दगड झालाय. चौथीवरचा डिंक अजून ओला आहे.” त्यांनी अंगठा तिच्यापुढे धरला. त्यावर चकाकता, चिकट डाग होता. “मिसळायच्या तर या आठवड्यातल्याच काचा मिसळायच्या. एवढंही सुचू नये?”

कसं सुचलं नाही? पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचलं असतं. नावं झाकण्याच्या नादात तिने काचांकडे काच म्हणून बघितलंच नव्हतं.

“म्हणजे हातात घेतली तेव्हाच तुम्हाला कळलं?”

“तेव्हाच.”

“मग सर, हा दुसरा डोळा कसला?” तिला रडू आवरेना. “नाव झाकून काय उपयोग झाला?”

“झाला ना.” सरांनी खुर्चीत मागे टेकून डोळे चोळले. “इतका वेळ मी काय करत होतो असं तुला वाटलं? सुटायची वाट शोधत होतो. भिंत आहे का बघितलं. सूज आहे का बघितलं. रंग चुकलाय का, काचेवर पसरताना तुझा हात जोरात लागलाय का, सगळं बघितलं. या माणसाला सोडवायचंच असं ठरवून इतकं कुणीच बघितलं नसतं. तरी वाट नाही सापडली.” त्यांनी निकालाचा कागद पुढे ओढला. “याहून कडक दुसरा डोळा तू कुठून आणणार होतीस?”

त्यांनी सही केली. नेहमीसारखीच, कुणालाही न वाचता येणारी. तिने खाली आपली केली.

“आता हिला सांगायला हवं,” सर म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पार उतरला. “मला हे येत नाही गं. मी जन्मात कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही. नुसतं लिहून पाठवत आलो.”

तिनेही कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम पोटाच्या डॉक्टरांचं, सर्जनचं. हे दोघं मागच्या खोलीतली माणसं. ती उठली आणि तिने दार उघडलं.

काकू बाकावरून उठून उभ्या राहिल्या. सर त्यांच्यासमोर गेले, घसा साफ केला आणि पेशी कशा एकमेकींपासून सारख्या अंतरावर असायला पाहिजेत हे समजावून सांगू लागले. काकू थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी घाईबाईकडे बघितलं.

“काकू, कर्करोग आहे,” घाईबाई म्हणाली. “पण अजून काढता येण्यासारखा आहे. उद्याच ऑपरेशन करता येईल.”

काकूंनी बाकाची पाठ घट्ट धरली. “सूज म्हणत होते ना हे? कुणी बघितलं?”

“आधी मी. मग सरांनी.”

काकू नवऱ्याकडे वळल्या. “तुम्ही? स्वतःचं स्वतः बघितलंत?”

“हो.”

“आणि खरंच तेच आहे?”

“तेच आहे.”

“कशाला बघितलंत हो तुम्ही?” काकूंचा आवाज फुटला. “दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर निदान ऑपरेशन होईपर्यंत तरी मला म्हणता आलं असतं, की त्यांचं चुकलं असेल. आता मी काय म्हणू?”

सर खाली बाकावर बसले, काकूंना हाताला धरून शेजारी बसवलं, आणि दोघंही रडू लागली.